पाय असलेली अक्षरं

नवऱ्याने तो फोटो पाठवला तेव्हा मी कुकरची रिंग शोधत होते. पावसाळा सरत आला होता. तो चंदगडकडे गेला होता, काजूच्या एका कारखान्यातल्या मशिनी बघायला. त्याचं कामच ते. आजरा, चंदगड भागातल्या काजू कारखान्यांचे बॉयलर, ड्रायर, बी फोडायच्या मशिनी दुरुस्त करायच्या. आठवड्यातले तीन-चार दिवस मोटारसायकलवर. जाता-येता कुठे जुनं अक्षर दिसलं, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या दारावर, एखाद्या बंद दुकानाच्या पाटीवर, की तो थांबून फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. खाली काही लिहायचा नाही. मी अक्षरं काढते, म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करायला लागतात ते फॉन्ट बनवते, हे त्याने लग्नानंतर वर्षभरात नीट समजून घेतलं होतं. पुढे त्याची त्यालाच सवय लागली.

समोर मी त्याला अहो म्हणायची. इथे तो लिहिते आहे. त्याला चाललं असतं.

फोटोत एका ओढ्यावरच्या पुलाचा कठडा होता आणि कठड्यात बसवलेला काळा दगड. अर्धं शेवाळ खरवडलेलं. वर दोन ओळी इंग्रजी, खाली तीन ओळी मराठी. मी बघतेय तोवर त्याचा फोन आला.

"बघितलंस काय?"

"बघतेय. कुठला आहे?"

"आजऱ्याच्या पुढं. कायम ह्याच्यावरनं जातोय की मी, कधी दिसला न्हवता. आज पंक्चर झाली म्हणून थांबलो. मशीन घासायचा ब्रश होता, त्यानं घासला. ती मराठी अक्षरं बघ नीट. पाय हायत त्यास्नी."

खरंच पाय होते. इंग्रजी पुस्तकातली जुन्या वळणाची अक्षरं आठवा. उभ्या रेघेच्या तळाशी एक छोटी आडवी पट्टी असते, अक्षर जमिनीवर पाऊल टेकून उभं असल्यासारखं. तिला सेरिफ म्हणतात. मराठी अक्षराला ती नसते. आपलं अक्षर शिरोरेषेला वरून लटकतं, काना खाली येतो आणि संपतो. पण त्या दगडावर ज्याने छिन्नी चालवली त्याने आधी इंग्रजी ओळी कोरल्या असणार, हात त्या वळणाला बसला असणार, आणि मग मराठीत आल्यावरही प्रत्येक कान्याच्या तळाशी त्याने तसंच पाऊल दिलं होतं. शिरोरेषेच्या सुरुवातीला एक बारीक चोच काढली होती. 'बांधिला' हा शब्द तर एखाद्या पोषाखी माणसासारखा उभा होता. चूक म्हणावी तर चूक, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आणि मन लावून केलेली.

मी तो फोटो मोठा करून दिवसभर बघत राहिले. रिंग शेवटी सासूबाईंना सापडली.

दिवाळीनंतर आम्ही दोघं तिथे गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून पडला होता. दगडावर बटर पेपर ठेवून वरून काळ्या शिशाची कांडी घासली की खोदलेली अक्षरं पांढरी उमटतात. वारा होता, म्हणून तो दोन्ही हात पसरून कागद धरून उभा होता, कठड्याला मिठी मारल्यासारखा. सायकलवरून एक म्हातारा गृहस्थ आला, उतरला, आमच्याकडे बघत राहिला.

"पावणं, काय चाललंय?"

"दगडाची झेरॉक्स काढतोय," नवरा मान न वळवता म्हणाला.

"कशाला?"

"बायकोला पायजे."

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि सायकल ढकलत गेला. आम्ही एवढे हसलो की कागद फाटला. दुसरा लावला. चार कागद घेऊन परत आलो.

दगडावर वेगवेगळी अक्षरं मिळाली अठ्ठावीस. मराठी फॉन्टला मुळाक्षरं, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, जोडाक्षरं मिळून सहाशेच्या वर आकार लागतात. उरलेले आपण काढायचे. त्या पाथरवटाने 'झ' काढला असता तर कसा काढला असता, याचा अंदाज करायचा आणि त्याला शोभेल असा काढायचा. हे काम हौस म्हणून चाललं असतं, पण त्याच सुमारास आमच्या कोल्हापुरातल्या एका छापखान्याच्या मालकांनी मला बोलावलं. ते लग्नपत्रिका छापत, बोर्डही करत. म्हणाले, "मॅडम, सगळ्या पत्रिका एकासारख्या एक दिसाय लागल्यात. काय तर जुन्या काळचं, दरबारी अक्षर द्या. मथळ्याला. शुभविवाह असं दिसलं पायजे की माणूस फेटा बांधूनच यील." मी त्यांना दगडाचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, घातला, आणि म्हणाले, "हेच."

माझ्या अक्षरांना एक परीक्षक आहेत. मी त्यांना चाचा म्हणते. पंचाहत्तरीचे आहेत. त्यांच्या वडिलांपासून घरात रंगाऱ्याचं काम. निम्म्या पेठेतल्या दुकानांच्या पाट्या आणि तालमींची नावं एकेकाळी त्यांच्या ब्रशची होती. फ्लेक्स आल्यावर ते काम बंद पडलं. आर्ट कॉलेजात असताना मी त्यांच्याकडे सपाट ब्रशने लिहायला शिकायला जायची. आजही नवी अक्षरं मोठी छापून त्यांच्याकडे नेते. ते खिडकीजवळ बसतात, कागद आधी सरळ बघतात, मग उलटा धरतात. उलटं धरलं की वाचता येत नाही, नुसता आकार दिसतो.

पहिल्या खेपेला ते म्हणाले, "पाय दिलास, चांगलं केलंस. पण बूट घालू नको. ह्यो 'प' बघ, लष्करातला वाटतोय."

मी सगळ्या कान्यांचे पाय बारीक केले. थंडीभर तेच चाललं. स्वयंपाकघरातलं टेबल माझं होतं. नवरा संध्याकाळी यायचा, हाताला काजूच्या टरफलाचं तेल लागून कातडी काळी झालेली असायची, म्हणून कागदाला हात न लावता मागे हात बांधून बघायचा. मी तक्त्याच्या क्रमाने चालले होते. क, ख, ग, घ. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर ज्ञ, तक्त्यातलं अगदी शेवटचं. तो रोज विचारायचा, "आमचा नंबर कधी?"

"थांबा की. अजून 'म' चाललाय."

"शाळेत पण आमची हजेरी शेवटालाच."

फेब्रुवारीत मी 'ह'पर्यंत आले. काजूचा हंगाम तोंडावर होता, सगळ्या कारखान्यांना मशिनी एकाच वेळी तयार हव्या होत्या. त्या मंगळवारी तो सकाळी सातला आजऱ्याला गेला. साडेअकराला कारखान्यातून फोन आला. तो मशीन खोलून बसला होता, पाना मागायला वळला आणि तसाच एका कुशीवर पडला. तिथल्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्रेचाळीस वर्षांचा होता.

पुढचं मी सांगते, पण ते मी पाहिलं असं मला वाटत नाही. कुणीतरी सांगितलेलं मी परत सांगते आहे, असं वाटतं. गाडी दारात आली. माणसं आली. सासूबाई दारातच खाली बसल्या आणि त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला. माझ्या मोठ्या जावेने माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. "रड ग. रड, असं बसू नको." मला रडायचं नव्हतं असं नाही. मला काही सापडतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपण ओठाला हात लावतो तर तो दुसऱ्या कुणाचा असतो, तसं आख्ख्या अंगाचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे तालमीतले चार मित्र आले. रक्षाविसर्जनाच्या आधी कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा, आमच्याकडे लावतातच. ते धाकट्या दिरांशी हळू आवाजात बोलत होते. फोटो कुठला घ्यायचा, सफारीतला की जत्रेतला. एकाने फोनवर छापखान्याच्या मालकांना नमुना विचारला होता. त्यांनी पाठवलेला नमुना मी दिरांच्या हातातल्या फोनवर पाहिला. नाव एका लठ्ठ, गोल अक्षरात होतं, वाढदिवसाच्या बोर्डावर असतं तसल्या.

मी म्हणाले, "हे नको. मी देते करून."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीर म्हणाले, "वहिनी, राहू दे. आम्ही बघतो."

"तासाभरात देते."

मी आत जाऊन टेबलाशी बसले. कॉम्प्युटर सुरू केला. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. काही जोडाक्षरं झालेली नव्हती, ती तुकडे जोडून जमवली. मग त्याचं नाव लिहायला घेतलं आणि पहिल्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला. न काढलेलं अक्षर असं चौकोनातच दिसतं.

मी ज्ञ काढायला घेतला. दगडावर ज्ञ नव्हता. मी कागदावर पेन्सिलने तीनदा काढला, तिसरा उचलला, कॉम्प्युटरवर बिंदू टाकत त्याची कड आखली, खाली पाय दिला. बाहेर बायका बोलत होत्या, कुणीतरी पातेलं पाडलं. एरवी जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात झालं. चाळीस मिनिटांनी मी फाइल पाठवली आणि दिरांना सांगितलं की पाठवली. ते माझ्याकडे जरा घाबरल्यासारखे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड लागला. दगडावरची अक्षरं जगात पहिल्यांदा वापरली गेली ती अशी. रक्षाविसर्जनाला जाताना आमची गाडी त्या कोपऱ्यावरून गेली. बोर्डासमोर चाचा उभे होते, हातात टोपी, मान वर करून. मला वाटलं ते फोटो बघताहेत.

दिवसकार्य झालं, माणसं गेली. घरात मी आणि सासूबाई उरलो. मी पुन्हा टेबलाशी बसले. काम उरलं होतं आणि मला ते येत होतं, एवढंच कारण. सकाळी दूध, चहा, मग क्त, क्र, क्ल. दुपारी भाकरी, मग त्त, त्य, द्ध, द्य. जोडाक्षरांना अंत नसतो. एकदा तव्याला हात लागला आणि ते मला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं. भेटायला येणारी माणसं धीर द्यायची आणि मी त्यांना सरबत द्यायची. एक नात्यातली बाई जाताना दाराशी दुसरीला म्हणाली, "कसली दगड हाय बघ." मला ऐकू गेलं. त्याचंही काही वाटलं नाही.

सासूबाईंना वाचता येतं, पण अक्षर अक्षर लावून. त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "दिसभर त्येच त्येच काय काढतीस ग?"

"तेच नाही हो. हा बघा 'स्त', हा 'स्न'."

त्यांनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यात माझ्या लेकाचं नाव कुठं हाय?"

मी टाइप करून दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर लावलं, शेवटपर्यंत गेल्या, मग परत पहिल्यापासून. नंतर पदराने पडदा पुसला, बोटाचा डाग पडला होता म्हणून.

मे महिन्यात आजऱ्याच्या कारखान्यातून निरोप आला, त्याची हत्यारांची पेटी तिथेच आहे, घेऊन जावी. आम्ही दोघी एस.टी.ने गेलो. मालकांनी खुर्च्या दिल्या, काजू दिले. पेटी जड होती. आजऱ्यात सासूबाईंच्या बहिणीचं घर आहे. त्यांना आणि पेटीला तिथे ठेवून मी चंदगडच्या गाडीत बसले आणि कंडक्टरला ओढ्याच्या पुलापाशी उतरवायला सांगितलं. आपण का जातोय हे मला कळत नव्हतं. काहीतरी वाटेल, असं बहुतेक मला वाटत होतं.

पूल नव्हता. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. ओढ्यात मोठे सिमेंटचे पाइप टाकून वर भर घातली होती. रोलरच्या सावलीत डबा खात बसलेल्या मुकादमाला मी विचारलं, "इथे जुना पूल होता, त्याच्या कठड्यात एक दगड होता. लिहिलेला."

"जुनी दगडं सगळी भरीत गेली की, ताई."

"लिहिलेला होता तो."

"लिव्हलेला काय, न लिव्हलेला काय. दगडच न्हवं?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तो जरा मऊ झाला. "तुमचं कोण होतं काय त्यात? नाव बिव?"

"नाही."

"बसा मग. गाडीला येळ हाय. पाणी घ्या."

मी पाणी प्याले. समोर भरावावरून पिवळी माती ओघळत होती. मी थांबून थांबून स्वतःच्या आत पाहत होते, काही हलतंय का. काही हललं नाही. गाडी आली, मी बसले. आजऱ्याला जाऊन जेवले. संध्याकाळी पेटी घेऊन कोल्हापूरला आलो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पेटी अंगणात उघडली, पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर सगळे रॉकेलने पुसले आणि वर्तमानपत्रावर लहान-मोठे लावून उन्हात ठेवले.

पाऊस लागल्यावर मी पूर्ण अक्षरसंच मोठा छापला आणि चाचांकडे नेला. चाळीस पानं होती. त्यांनी खिडकीजवळ बसून एकेक पान सरळ आणि मग उलटं करून बघितलं. दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली. चहा झाला. शेवटच्या पानाशी ते थांबले.

"बेटा, वाईट वाटून घेऊ नको."

"बोला की."

"ह्यो ज्ञ बाकीच्यांत बसत न्हाय. घाईचा हाय. पोट रिकामं ठेवलंस आणि सगळं वजन पायावर टाकलंस. लंगडतोय बघ."

त्यांनी कागद उलटा करून माझ्यापुढे धरला. दिसत होतं. मला कसं दिसलं नव्हतं?

"त्या दिवशी कोपऱ्यावर उभा होतो तवाच दिसलं मला," ते म्हणाले. "ते काय बोलायचं ठिकाण न्हवतं."

मी म्हणाले, "राहू दे तसाच."

"का?"

"त्याच्यासाठी काढलेला आहे."

खिडकीतून पावसाचा शिंतोडा येत होता, चाचांनी कागद आत ओढले. "त्याच्यासाठी काढलास, तो लागला, उतरला. आता हे लोकांसाठी हाय. उद्या कुणाच्या तर पोरीच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावाला ह्यो लंगडा ज्ञ लागणार. त्या पोरीचं काय चुकलंय?"

मी कागद गोळा करून घरी आले.

नवा ज्ञ काढायला मला अकरा दिवस लागले. आधीचा चाळीस मिनिटांत झाला होता. पोट भरायला गेलं की मान आखडायची, मान सोडली की पाय घसरायचा. भिंतीवर कागद लावून मी लांबून बघायची. सासूबाई जाता-येता म्हणायच्या, "ह्यो बरा," "ह्यो न्हाय बरा," आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. बाराव्या दिवशी सकाळी तो उभा राहिला. मी फाइलमध्ये घातला. जुना काढून नवा ठेवायचा का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हणून दाबलं आणि गॅसवर ठेवलेली डाळ बघायला उठले. एवढंच झालं.

दिवाळीनंतर लग्नसराईच्या तोंडावर फॉन्ट छापखान्यात गेला. मालक खूश होते. पहिली पत्रिका त्यांनी घरी आणून दिली, हातकागदावर, मरून रंगाची शाई. छान दिसत होती. मला ते कळत होतं, जसं दुसऱ्याच्या ताटातला पदार्थ छान आहे हे कळतं. मग फॉन्ट छापखान्याच्या बाहेर गेला. कसा, ते विचारण्यात अर्थ नसतो. एका ऑपरेटरच्या पेन ड्राइव्हमधून दुसऱ्याच्या. दोन महिन्यांत तो मिसळीच्या हॉटेलावर दिसला, दागिन्यांच्या दुकानावर दिसला. कबनूरच्या एका कापडवाल्याने टॉवेलच्या पाकिटावर घेतला. मी चालता चालता बघायची, ओळख लागायची, पुढे जायची.

तो गेल्याला वर्ष होऊन गेलं होतं. मार्चमधल्या एका दुपारी मी बँकेतून परत येत होते आणि चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा बोर्ड होता. वीस फूट लांब. नाव तीन अक्षरांचं, माझ्या फॉन्टमध्ये, आणि ते दोन्ही बाजूंनी ओढून बोर्डभर ताणलेलं होतं. कान्याचे खांब झाले होते, आडव्या रेषा तशाच बारीक राहिल्या होत्या, आणि इतक्या मेहनतीने बारीक केलेले पाय फरशीसारखे पसरले होते.

माझ्या कानशिलाजवळ काहीतरी ठणकायला लागलं. बोर्डाच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं. दुकान तिथून दोन गल्ल्या पुढे. मी कशी गेले ते आठवत नाही, पण आत शिरले तेव्हा मला धाप लागली होती. कॉम्प्युटरवर तिशीची एक बाई बसली होती, स्कार्फ खांद्यावर टाकलेला, एका कानात इअरफोन.

"चौकातला बोर्ड कोणी केलाय?"

"मी. का?"

"अक्षर ओढलंय कशाला?"

"जागा भरायची होती की."

"अक्षर ओढायचं नसतं!" माझा आवाज एवढा चढला की छपाईच्या मशीनवरचा माणूस ते बंद करून बघायला आला. "जागा उरली तर उरू द्यायची! माणसाला धरून असं दोन्हीकडून ओढलं तर कसं दिसेल? काही बघता का नाही तुम्ही? ते पाय बघितलेत? एकेका पायाला किती दिवस लागतात माहीत आहे?"

ती उठून उभी राहिली. "ताई, तुम्ही पार्टीच्या हाय काय?"

"नाही. ते अक्षर मी काढलंय."

"काय काढलंय?"

"ते अक्षर. तो फॉन्ट."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे, फॉन्ट कोण तर काढतंय?"

"मग काय झाडाला लागतंय?"

मी हे बोलले आणि मला हसायला आलं, आणि मग हसता हसता मी त्या दुकानात, फ्लेक्सच्या गुंडाळ्यांच्या मध्ये, उभ्या उभ्या रडायला लागले. तिने खुर्ची पुढे केली. पाण्याची बाटली दिली. मशीनवरच्या माणसाला हाताने "जा" अशी खूण केली. बराच वेळ गेला. रडून मोकळं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही, डोकं दुखायला लागलं आणि नाक चोंदलं. एवढं मात्र झालं, की त्या डोकेदुखीची मला जाणीव होती. ती माझी होती.

मग ती म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावू नका. मला ओढायची हौस न्हाय. बोर्ड वीस फुटाचा आणि नाव तीन अक्षरांचं. मोकळं सोडलं तर पार्टी म्हणती, नाव बारीक केलंस. तुम्ही मला रुंदच अक्षर द्या की काढून. मग कशाला ओढू?"

ती बरोबर बोलत होती. पाथरवटाचा दगड दीड हाताचा होता, त्याला वीस फुटांचा प्रश्नच नव्हता.

मी घरी आले. सासूबाई दारातच होत्या. "तोंड का लाल झालंय?"

"भांडून आले."

"कुणासंगं?"

"दुकानात. एका बाईशी."

"कोण जिंकलं?"

"ती."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हात-पाय धू. भात टाकलाय."

आता रुंद अक्षरांचं काम चालू आहे. मी दर आठवड्याला झालेली अक्षरं त्या दुकानात नेते, ती बाई ती बोर्डावर लावून बघते आणि फोनवर फोटो पाठवते. तिच्या तक्रारी सरळ असतात. "लांबनं 'घ' आणि 'ध' एकच दिसतंय." "शिरोरेषा जाड करा, उन्हात जाते." चाचांना हा सगळा प्रकार फारसा पटलेला नाही, अक्षर जेवढं रुंद तेवढं आळशी, असं त्यांचं मत आहे, पण कागद उलटा धरून बघतात. काही दिवस अजून तसेच जातात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओठ दुसऱ्याचा असल्यासारखे. त्या दिवशीही मी टेबलाशी बसते. काल 'थ' झाला. आज 'द' घेतला आहे, त्याची शेपटी रुंद केल्यावर कुठे वळवायची ते अजून ठरत नाही.